साचा आणि नक्षी : ब्रिटनमधील अंतर्गृह-सजावटीच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

१

मराठीत ‘साचेबंद’ हे विशेषण निंदाव्यंजक आहे. एखादे लेखन साचेबंद आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात लेखकाचे स्वतःचे काही नाही, असे आपल्याला सुचवावयाचे असते. याउलट ‘ओतीव’ हे विशेषण आपण बहुधा प्रशंसेने वापरतो. वस्तुतः साच्यावाचून ओतीव वस्तू निर्माणच होत नाही. म्हणजे एकाच क्रियेच्या फलाची आपण स्तुती करतो आणि तिच्या साधनाची मात्र निंदा करतो. ही विसंगती केवळ मराठीचीच आहे असे नाही. इंग्रजीतील ‘स्टिरिओटाइप’ आणि फ्रेंचमधून आलेला ‘क्लिशे’ हे दोन्ही शब्द मूळचे छापखान्यातले असून जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतून काढलेल्या धातूच्या पत्र्यासाठी ते वापरले जात. आज दोन्ही शब्द निर्जीव पुनरुक्तीचे वाचक झाले आहेत. कारागिराचे उपयुक्त साधन शब्दार्थाच्या प्रवासात दूषण होऊन बसले.

शब्दांच्या अर्थाला लागलेले हे दूषण इतिहासलेखनालाही लागते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या अंतर्भागातील छते, पट्टिका, शेकोट्यांच्या चौकटी आणि आरशांच्या कडा यांवरील नक्षीविषयी विपुल लेखन झाले आहे. ती नक्षी ज्यातून निघाली त्या साच्यांविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. वास्तुशिल्पकाराचे नाव सांगितले जाते, घराच्या मालकाचे नाव सांगितले जाते, क्वचित गिलाव्याचे काम करणाऱ्या ठेकेदाराचेही सांगितले जाते. साचा कोरणाराचे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वास्तुशास्त्राचा नव्हे. तथापि मूळ प्रत आणि तिच्या नकला यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न भाषाशास्त्राच्या व पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परिचित असतो, आणि साच्याचा प्रश्न हा तत्त्वतः तोच आहे. विवेचनाचे क्षेत्र सतराव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या ब्रिटनपुरते मर्यादित ठेवले आहे.

२

प्रथम साच्यांचे प्रकार स्पष्ट केले पाहिजेत, कारण ‘साच्यातली नक्षी’ या एका शब्दप्रयोगाखाली तीन भिन्न क्रिया एकत्र केल्या जातात.

पहिला प्रकार ओढण्याच्या साच्याचा. छत आणि भिंत यांच्या सांध्यावरील कंगणीसारखी जी सलग, एकाच छेदाची उठावदार रेघ असते, तिच्या छेदाच्या आकाराचा पत्रा कापून तो लाकडी चौकटीत बसवीत आणि ओल्या गिलाव्यावरून पट्टीच्या आधाराने पुनःपुन्हा ओढीत. येथे साच्यात काही भरले जात नाही. साचा पदार्थावरून फिरतो. दुसरा प्रकार ठशाचा. छतावर लावलेला गिलावा ओला असतानाच त्यावर कोरीव लाकडी ठसा दाबला, म्हणजे फूल किंवा पान जागच्या जागी उमटते. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने ओतण्याचा किंवा भरण्याचा. यात नक्षीचा तुकडा कारखान्यात तयार होतो आणि वाळल्यानंतर तो छतावर किंवा लाकडावर चिकटविला जातो. आपल्याकडे पेढ्यावर छाप उठविणारा लाकडी साचा आणि सोनाराचा ठसा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या तिन्हींहून वेगळी अशी चौथी पद्धती म्हणजे हाताने घडविण्याची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषिक तिचिनो प्रदेशातून आलेले आर्तारी आणि बागुत्ती यांच्यासारखे कारागीर ओल्या गिलाव्यातून आकृती हातानेच उभारीत. लंडनमधील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चचे छत त्यांचे आहे. प्रत्यक्षात एकाच छतावर या चारही पद्धती नांदताना आढळतात. म्हणून अमुक छत ‘हाताचे’ आणि तमुक ‘साच्याचे’ असे सरसकट विधान करणे धोक्याचे असते.

३

साचा हा कारागिराबरोबर प्रवास करतो, आणि येथूनच त्याचे ऐतिहासिक मोल सुरू होते. लंडनच्या पूर्वेस ब्रॉमली-बाय-बो येथे १६०६ मध्ये बांधलेल्या वाड्यातील एक दालन आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच्या छतावर हेक्टर, जोशुआ आणि अलेक्झांडर या पुराणप्रसिद्ध वीरांची मुखे वर्तुळाकार पदकांत बसविलेली आहेत. याच परंपरेतील वीरांची पदके स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील किल्लेवजा घरांत पुन्हा भेटतात. ग्लॅमिस येथील दिवाणखान्याचे छत १६२१ चे, मकॉल्स येथील १६२४ चे, तर क्रेगीव्हारचे घर १६२६ मध्ये पुरे झालेले आहे. या स्कॉटिश छतांतील काही पदके त्याच त्या साच्यांतून निघालेली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे.

या गोष्टीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. केवळ शैलीचे साम्य एवढेच सांगते की, दोन कारागिरांनी एकच चित्र किंवा एकच छापील नमुना पाहिला होता. साच्याचे साम्य त्याहून अधिक सांगते. एक ठराविक लाकडी ठोकळा एका घरातून दुसऱ्या घरात गेला, आणि तो नेणारी माणसे होती, हे ते सांगते. हिशेबाच्या वह्या जेथे नष्ट झाल्या आहेत किंवा कधी ठेवल्याच गेल्या नाहीत, तेथे कारागिरांच्या टोळीच्या प्रवासाचा नकाशा छतावरील नक्षीवरूनच काढावा लागतो. शैलीचे साम्य हे समान शब्दसंग्रहासारखे आहे. तो उसनवारीने येऊ शकतो. साच्याचे साम्य हे एकाच मूळ पोथीवरून झालेल्या नकलांसारखे आहे.

४

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साच्याला जे महत्त्व आले, त्याचा संबंध रॉबर्ट ॲडम (१७२८–१७९२) या वास्तुशिल्पकाराच्या नावाशी जोडला जातो. १७५४ मध्ये इटलीकडे निघालेला ॲडम १७५८ च्या आरंभी लंडनला परतला, तो प्राचीन रोमन अंतर्गृहांतील नाजूक, उथळ नक्षी मनात घेऊन. केडलस्टन, सायन, ऑस्टर्ली, केनवूड येथील त्याची दालने प्रसिद्ध आहेत. त्याच्या नक्षीचा स्वभावच साच्याला अनुकूल होता. कलश, माळा, पंखे, सिंहशरीरी स्त्रिया, मण्यांच्या ओळी, कमळासारखी उभी फुले असे थोडे घटक घ्यावयाचे आणि त्यांच्या मांडणीतून दर दालनाला निराळे रूप द्यावयाचे, ही त्याची रीत होती. मर्यादित वर्णांच्या जुळणीतून भाषा अमर्याद शब्द निर्माण करते; वर्ण तेच म्हणून शब्द शिळा ठरत नाही. ॲडमच्या छतांविषयी असेच म्हणावयास हरकत नाही.

गिलाव्याच्या कामासाठी ॲडमचा प्रमुख सहकारी जोसेफ रोझ होता. पण शेकोटीची चौकट, दार, आरशाची कड अशा लाकडी पृष्ठभागांवर गिलावा टिकत नाही. लाकूड कोरून घेणे फार खर्चाचे होते. या अडचणीतून ‘काँपोझिशन’ नावाचे मिश्रण पुढे आले. कारागीर त्याला नुसते ‘काँपो’ म्हणत. त्याचे घटक साधे आहेत : सरस, खडूची भुकटी, जवसाचे तेल आणि राळ. सरस पाण्यात शिजवावयाचा, तेल व राळ निराळी तापवावयाची, दोन्ही एकत्र करून त्यात खडूची भुकटी घालावयाची आणि कणकेप्रमाणे मळावयाचे. गरम असताना हा गोळा मऊ असतो. तेल लावलेल्या साच्यावर तो ठेवून, वर ओली फळी घालून मळसूत्री दाबाखाली दाबला म्हणजे नक्षीच्या बारीकसारीक रेषाही त्यात उतरतात. मिश्रण फळीला चिकटून बाहेर येते. मग पातळ सुरीने नक्षी खालच्या थरापासून कापून घेतात. थंड होताना ती प्रथम चामड्यासारखी लवचिक असते, आणि याच अवस्थेत तिला वळवून गोलाईवर बसविता येते. मागच्या बाजूला वाफ दिली की तिच्यातलाच सरस सुटून ती लाकडाला चिकटते. पुढे ती दगडासारखी कठीण होते. वर रंग किंवा सोन्याचा वर्ख चढला की कोरीव लाकूड आणि काँपो यांतील भेद डोळ्यांना कळत नाही.

हे मिश्रण ॲडमने शोधून काढले असे समजणे चूक आहे. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात कोरीव दगडी साच्यांतून उठावाची नक्षी काढण्याच्या कृती सांगितल्या आहेत. ॲडमच्या काळात नवीन होता तो व्याप. १७८० मध्ये स्थापना झाल्याचे सांगणारी लंडनची जॅक्सन ही व्यापारी पेढी बॉक्सवूडच्या साच्यांचा मोठा संग्रह बाळगून होती, आणि एकोणिसाव्या शतकात अशा पेढ्या आपल्या नक्षीचे छापील नमुनेही काढू लागल्या. लंडनहून गेलेला रॉबर्ट वेलफर्ड १७९७ पासून अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे हाच व्यवसाय करू लागला. १८१३ च्या ईरी सरोवरावरील नाविक लढाईनंतर त्याने त्या विजयाची स्मृती शेकोटीच्या चौकटीवरील नक्षीत आणली. ज्या पद्धतीतून ग्रीक कलश निघत होते, तिच्यातूनच नव्या राष्ट्राचा विजयोत्सव निघाला.

कृतीला पैशाचे मोल आले की तिच्याभोवती गुप्ततेचे कुंपणही पडते. जॉन लिआर्डे या स्विस धर्मोपदेशकाने १७७३ मध्ये तेलमिश्रित गिलाव्याचे पेटंट घेतले. मुख्यतः बाहेरच्या भिंतींसाठी असलेल्या या गिलाव्याचे हक्क ॲडम बंधूंनी मिळविले. १७७८ मध्ये त्यावरून खटला झाला, आणि दुसऱ्याला वस्तू करता येईल इतके स्पष्ट वर्णन पेटंट घेणाराने दिले पाहिजे, या तत्त्वासाठी तो कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध झाला. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड होते. त्यांचेच केनवूड येथील घर ॲडमने सजविले होते. निकाल लिआर्डे व ॲडम यांच्या बाजूने लागला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, मिश्रणाच्या कृतीवर हक्क सांगणारे होते, नक्षीच्या रेखाटनावर नाव घालणारे होते. साचा कोरणारा या दोहोंच्या मध्ये अदृश्य राहिला.

५

हा अदृश्य कारागीर नेमके काय करीत होता ? काँपोच्या साच्यासाठी बॉक्सवूड निवडीत, कारण हे झाड अत्यंत सावकाश वाढते आणि त्याचे लाकूड इतके घट्ट व बारीक कणांचे असते की केसासारखी रेषाही तुटत नाही. टॉमस ब्यूइकने आपली सूक्ष्म काष्ठचित्रे याच लाकडावर कोरली. साचा कोरणाराला नक्षी उलटी कोरावी लागे. उजवे ते डावे, हे तर झालेच; पण त्याहून अवघड म्हणजे उंच ते खोल. पाकळीचे टोक जेथे सर्वांत वर यावयाचे, तेथे त्याला सर्वांत खोल जावे लागे. प्रकाश ज्या भागावर पडावयाचा तो त्याच्यासमोर अंधारात असे. मधूनमधून मेण किंवा माती दाबून तो ठसा पाही. परंतु पटाशी चालविताना त्याच्यासमोर नक्षी नसे, नक्षीचा अभाव असे. शिवाय कठीण साच्यात आतल्या बाजूला वळणारा खाच असेल, तर वस्तू अडकून तुटते. काँपो थोडे लवचिक असल्याने किंचित सवलत मिळे, पण प्रत्येक रेषेचा उतार हिशेबानेच द्यावा लागे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. साच्यामुळे हस्तकौशल्य नाहीसे झाले, असे म्हणणे अपुरे आहे. ते छतावरून ठोकळ्यावर आले. शंभर ठिकाणी थोडे थोडे खर्च होणारे कौशल्य एका ठिकाणी एकवटले. मात्र छतावर काम करणारा कारागीर मालकाच्या डोळ्यांसमोर होता आणि ठोकळ्यावर काम करणारा कारखान्याच्या कोपऱ्यात होता. कौशल्याने जागा बदलली, तेव्हा कीर्ती त्याच्याबरोबर गेली नाही. सर जॉन सोन याने १८३३ मध्ये विकत घेतलेली ॲडमच्या कचेरीतील सुमारे ९,००० रेखाटने लंडनच्या सोन संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. साच्यांच्या नशिबी असा जपणूककर्ता क्वचितच आला. कागद हे कलेचे साधन मानले गेले, ठोकळा हा धंद्याची हत्यारे या सदरात पडला. आणि धंदा बसला की हत्यारे मोडीत जातात.

६

साच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावयाचे, याचा येथे थोडा विचार करू. पाठचिकित्सेत दोन पोथ्यांतील समान शुद्ध पाठ फारसे काही सिद्ध करीत नाहीत; समान अशुद्ध पाठ सिद्ध करतात. एकच चूक दोन लेखकांनी स्वतंत्रपणे करणे संभवत नाही. साच्यालाही हा न्याय लागू पडतो. ठोकळ्याला चीर गेली, एखादा कोपरा उडाला, तर त्यानंतरच्या प्रत्येक नगावर तो दोष उमटतो. म्हणून समान दोष असलेले नग एका साच्याचे, आणि दोष नसलेले नग दोष असलेल्यांच्या आधीचे, असा कालक्रम लावता येतो.

दुसरे साधन मोजमापाचे आहे. काँपो वाळताना आकसते. तयार नगावरून नवा साचा घेऊन त्यातून पुन्हा नग काढला, तर तो मूळ नगापेक्षा किंचित लहान होतो. तिसऱ्या पिढीत आणखी लहान. उलट प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना अत्यल्प प्रमाणात फुगते. त्यामुळे पदार्थ ओळखून अचूक मापे घेतली, तर हाती आलेली नक्षी मूळ साच्याची आहे की नकलेची नक्कल, याचा अंदाज बांधता येतो. नकलेगणिक रेषांची धारही बोथट होते. परंतु येथे सावधगिरी हवी. वर्षानुवर्षे चढविलेल्या रंगाच्या थरांनीही नक्षी बोथट दिसते. रंग उतरविल्याशिवाय केलेले अनुमान फसवे ठरण्याचा संभव आहे.

तिसरे साधन सांध्यांचे. पट्टिकेचा साचा बहुधा एकदोन आवर्तनांचा असतो. भिंतीची लांबी त्या आवर्तनाच्या पटीत क्वचितच येते. मग कोठेतरी एक फूल दाबून बसवावे लागते किंवा माळ ताणावी लागते. ही तडजोड कोपऱ्यात, दारामागे, खिडकीच्या पडद्याआड लपविलेली सापडते. बसविणाऱ्या कारागिराची बुद्धी जर कोठे वाचावयाची असेल, तर ती या जागी वाचावी.

७

एकोणिसाव्या शतकात साच्याचा पदार्थ आणि साच्याविषयीचे मत, दोन्ही बदलले. कागदाच्या लगद्याची नक्षी आधीपासून प्रचारात होती. होरेस वॉलपोलच्या स्ट्रॉबेरी हिल येथील दालनाचे १७६० नंतरच्या काही वर्षांत केलेले गॉथिक छत याच लगद्याचे आहे, आणि दगडी कमानींचा आभास उत्पन्न करते. १८५७ मध्ये उघडलेल्या ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनगृहाच्या घुमटालाही आतून हाच पदार्थ लावलेला आहे. शतकाच्या मध्याला जिलेटिनचे लवचिक साचे आले. ते वाकवून काढता येत असल्याने आत वळणाऱ्या खाचांची अडचण उरली नाही. पण तीक्ष्णता थोड्याच नगांत जात असे. लेओनार देसाशी या फ्रेंच माणसाने १८५६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्लॅस्टरच्या पातळ थरात गोणपाट व लाकडी पट्ट्या घालीत. त्यामुळे छताचे मोठाले भाग कारखान्यात ओतून जागेवर नुसते टांगता येऊ लागले. कौशल्याचे जे एकत्रीकरण बॉक्सवूडच्या ठोकळ्याने आरंभिले होते, त्याची ही परिणती होती.

याच सुमारास, १८४९ मध्ये, जॉन रस्किनने वास्तुकलेच्या सात दीपांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने हाताच्या कामाऐवजी ओतीव किंवा यंत्राची नक्षी वापरणे ही फसवणूक ठरविली. नक्षीचे मोल तिच्या आकाराइतकेच तिच्यावर वेचलेल्या मानवी श्रमाच्या जाणिवेत असते, हा त्याचा मुद्दा. तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. परंतु रस्किनने श्रम पाहिले ते फक्त नक्षीच्या पृष्ठभागावर. ठोकळ्याच्या पोटात वेचलेले श्रम त्याच्या हिशेबात आले नाहीत. पुढील दोन पिढ्यांच्या अभिरुचीवर त्याच्या मताचा एवढा प्रभाव पडला की साच्याचे काम अभ्यासाच्या योग्यतेचेच उरले नाही. विल्यम मिलर या व्यवसायातल्याच माणसाने १८९७ मध्ये गिलाव्याच्या कामावर मोठा ग्रंथ लिहिला आणि साच्यांची तपशीलवार माहिती नोंदविली, म्हणून पुष्कळसे ज्ञान वाचले.

८

रस्किनच्या बाजूनेही एक पुरावा नोंदविणे न्याय्य होईल. ३० ऑगस्ट १९८९ रोजी वेस्ट ससेक्समधील अपपार्क या अठराव्या शतकात सजविलेल्या घराला आग लागली. जळालेल्या ढिगाऱ्यातून गिलाव्याचे तुकडे वेचून काढण्यात आले. तेथील बरेचसे काम हाताने घडविलेले होते. ते पुन्हा करावयाचे तर चुन्याच्या गिलाव्यात मुक्त हाताने नक्षी उभारण्याची विद्या आजच्या कारागिरांना नव्याने शिकून घ्यावी लागली. १९९५ मध्ये घर पुन्हा उघडले. साच्याच्या सोयीपुढे एक विद्या जवळजवळ विस्मृतीत गेली होती, हे या घटनेने दाखविले. साच्याची कैफियत मांडताना हा दोष त्याच्या पदरात घातलाच पाहिजे.

पण याच घटनेचा दुसराही अर्थ आहे. अपपार्कला पुरावा म्हणून तुकडे तरी होते. जेथे नक्षी साच्याची होती आणि साचा व नक्षी दोन्ही गेली, तेथे उभारणीला आधारच राहत नाही. ॲडम बंधूंनी १७६८ मध्ये आरंभलेला लंडनचा ॲडेल्फी हा गृहसमूह १९३६ मध्ये बहुतांशी पाडण्यात आला. डेव्हिड गॅरिक या नटाच्या तेथील घराचे एक छत व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आज पाहावयास मिळते. त्या छतावर आपण ॲडमचे नाव वाचतो. प्रत्येक फूल मात्र कोणा अनाम माणसाने प्रथम खळग्याच्या रूपात पाहिलेले होते, हे वाचण्याची सवय आपल्याला अजून व्हावयाची आहे.

म्हणून संग्रहालयांनी आणि अभ्यासकांनी जुन्या साच्यांकडे हत्यार म्हणून न पाहता लेख म्हणून पाहावे, त्यांची मापे, दोष आणि त्यांतून निघालेल्या नगांची ठिकाणे यांच्या नोंदी कराव्यात, एवढीच या विवेचनाची मागणी आहे. पोथी हरवली तरी तिच्या नकलांवरून मूळ पाठ काही अंशी सिद्ध करता येतो. पण मूळ पोथी समोर असताना तिला रद्दी समजणाऱ्या अभ्यासकाला क्षमा नाही. ‘साचेबंद’ हा शब्द भाषेतून काढून टाकता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मात्र तो उच्चारताना, पहिला साचा कोणीतरी हाताने कोरलेला असतो, याचा विसर पडू नये.